इंग्लंडमधली एक एकर द्राक्षबाग: छाटणीपासून पानगळीपर्यंतची कामं

नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराने इंग्लंडमधली द्राक्षबाग पाहिली, की त्याचा पहिला प्रश्न असतो: दुसरी छाटणी कधी? दुसरी छाटणी नसते. महाराष्ट्रात वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी (काड्या वाढाव्यात म्हणून) आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठी) करून तिला आपल्या वेळापत्रकात बसवावं लागतं. दक्षिण इंग्लंड ५१ अक्षांशाच्या आसपास आहे. तिथे नोव्हेंबरात पानं गळतात, वेल मार्चपर्यंत निजते आणि एप्रिलअखेर एकदाच फुटते. ठिबक सहसा नसतं, कारण पाऊस बारा महिने पडतो. टंचाई असते ती उन्हाची. फूट निघाल्यापासून काढणीपर्यंत जेमतेम सहा महिने मिळतात आणि त्यातले कित्येक दिवस ढगाळ जातात. खाली सांगितलेलं प्रत्येक काम त्या थोड्या उन्हातलं काही वाया जाऊ नये म्हणून आहे.

उदाहरणासाठी ससेक्समधली एक एकर बाग धरू. उतार दक्षिणेकडे, उंची समुद्रसपाटीपासून १०० मीटरच्या आत, ओळी उत्तर-दक्षिण. दोन ओळींत २.२ मीटर, दोन वेलींत १.२ मीटर. कडेला ट्रॅक्टर वळवायची जागा सोडली की साधारण १४०० वेली बसतात. फळतार जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर, तिच्यावर फुटी धरायला तारांच्या तीन जोड्या आणि खांबाचा शेंडा दोन मीटरवर. द्राक्षाच्या जाती: स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनसाठी शार्डोने आणि पिनो न्वार, साध्या पांढऱ्या वाइनसाठी थोडी बॅकस. खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर या जातींचं कलम केलेलं असतं ती वेल, मातीप्रमाणे निवडायचा. चॉकच्या, म्हणजे खडूसारख्या चुनखडीच्या जमिनीत फर्काल किंवा ४१बी लागतो, नाहीतर लोह उचललं न गेल्याने पानं पिवळी पडतात. चिकणमातीत एसओ४ चालतो, पण त्याला मॅग्नेशियमची कमतरता लवकर भासते. ०.१ हेक्टरपेक्षा मोठी बाग फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या वाइन विभागाकडे नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. लागवडीनंतर पहिली दोन वर्षं एकही घड ठेवू नये. खोड आणि मुळं बसली की तिसऱ्या वर्षापासून थोडं पीक घ्यावं.

छाटणी: जानेवारी ते मार्च

बहुतेक इंग्लिश बागांत गुयो पद्धत आहे. तिच्यात कायमचा ओलांडा, म्हणजे तारेवर वर्षानुवर्षं राहणारा आडवा फाटा, नसतो. दर हिवाळ्यात गेल्या हंगामातली एक किंवा दोन काड्या निवडून फळतारेवर आडव्या बांधायच्या आणि बाकी सगळं कापायचं. याला कारण आहे. थंड हवेत काडीच्या बुडाकडच्या डोळ्यांत घड कमी बनतात, विशेषतः शार्डोनेत. म्हणून ओलांड्यावर आखूड खुंट्या राखण्यापेक्षा लांब काडी जास्त भरवशाची ठरते.

कात्री चालवण्याआधी वेलीचं डोकं नीट पाहा. फळतारेच्या १० ते १५ सेंटीमीटर खालून निघालेल्या दोन काड्या हव्यात, दोन बाजूंना जाणाऱ्या. जाडी पेन्सिलीएवढी, म्हणजे ७ ते १० मिलिमीटर. रंग शेंड्यापर्यंत तपकिरी. अंगठ्यासारखी जाड काडी दिसायला दणकट असते, पण तिचे डोळे दूरदूर असतात आणि वाकवताना ती मोडते. प्रत्येक काडीवर ७ डोळे ठेवा. दोन्ही काड्यांच्या खाली दोन-दोन डोळ्यांची एकेक खुंटी राखा. पुढच्या वर्षीची काडी तिच्यातून मिळते. ही खुंटी विसरली, की दरवर्षी काडी आणखी वरून घ्यावी लागते आणि चार-पाच वर्षांत वेलीचं डोकं तारेच्या वर जातं. मग जुनं लाकूड करवतीने खाली आणायची वेळ येते.

जखमेबद्दल इंग्लंडमध्ये हल्ली फार जागरूकता आली आहे आणि ती योग्यच आहे. एस्का आणि युटिपा हे खोडाचे रोग छाटणीच्या जखमेतून शिरतात आणि त्यांचे बीजाणू पावसासोबत पसरतात. म्हणून कोरड्या दिवशीच छाटा. काप खोडाला अगदी चिकटून घेऊ नका. कापलेल्या काडीच्या जाडीइतका तुकडा बाहेर राहू द्या. लाकूड जखमेपासून आत वाळत जातं, ते वाळणं या तुकड्यातच थांबलं पाहिजे. मोठे काप एकाच बाजूला ठेवा, म्हणजे दुसऱ्या बाजूने रस अखंड वाहतो. रोगट खोडाचं लाकूड बागेबाहेर नेऊन जाळा. निरोगी काड्या ओळींमध्ये टाकून यंत्राने बारीक केल्या तरी चालतात.

किती डोळे ठेवायचे हे अंदाजाने ठरवू नये. वीस-पंचवीस वेलींच्या कापलेल्या काड्या वजन करून पाहा. ओळीच्या दर मीटरमागे ०.३ ते ०.६ किलो आलं, तर वेलीची ताकद आणि डोळे यांचा मेळ बरोबर आहे. त्याहून कमी आलं तर पुढच्या वर्षी डोळे कमी करा आणि खत पाहा. जास्त आलं तर डोळे वाढवा आणि नत्र बंद करा. ताकदवान वेलीवर डोळे कमी ठेवले की ती सगळा जोर पानांत घालते, आणि इंग्लंडमध्ये दाट पानं म्हणजे सावली, ओल आणि बुरशी.

सरावलेल्या हाताला एका वेलीमागे तीन मिनिटं लागतात, म्हणजे १४०० वेलींना ७० तास. तारांत अडकलेल्या काड्या ओढून काढणं आणि नव्या बांधणं यांना जवळपास तेवढाच वेळ आणखी जातो. एकट्याने करायचं असेल, तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करावी. शार्डोने लवकर फुटते, म्हणून ती शेवटी छाटा. उशिरा छाटलेली वेल काही दिवस उशिरा फुटते आणि मे महिन्यात ते काही दिवस पीक वाचवू शकतात.

बांधणी मार्चमध्ये, दमट आणि सौम्य दिवशी. गोठलेल्या कोरड्या सकाळी काडी कटकन तुटते. काडी हळूहळू कमान देत तारेवर आणा आणि टोकाला घट्ट बांधा. टोक सैल राहिलं, की काडी वाऱ्याने फिरते आणि कोवळे डोळे तारेवर घासून झडतात. याच दिवसांत खांब तपासा, टोकाचे अँकर आवळा, तारा ताणा. बाग पानांनी भरली की हे काम होत नाही.

फ्रॉस्ट: एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे

निफाडला कडाक्याच्या थंडीत दव गोठतं आणि बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, तो प्रकार महाराष्ट्रातल्या वाचकाला माहीत आहे. तिथे धोका तयार होत असलेल्या मण्यांना असतो. इंग्लंडमध्ये तोच प्रकार फूट दोन इंचांची असताना होतो आणि एका रात्रीत वर्षाचं पीक जातं. २०१७ च्या एप्रिलअखेरीस दक्षिण इंग्लंडमधल्या अनेक बागांवर हेच आलं. हिरवी फूट उणे १ ते उणे २ अंशांवर काळी पडते. ओली असेल तर आणखी लवकर. त्यानंतर दुय्यम डोळा फुटतो, पण शार्डोनेच्या दुय्यम फुटीवर घड कमी येतात. सेव्हल ब्लाँ ही जात याबाबतीत उदार आहे.

बहुतेक वेळा हा फ्रॉस्ट निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पडतो. जमिनीतली ऊब आकाशात निघून जाते आणि थंड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. उताराच्या तळाशी दाट कुंपण असेल तर त्यात खिंड पाडा, नाहीतर थंड हवा तिथे तुंबते आणि खालच्या ओळी बुडतात. दुसरा उपायही स्वस्त आहे. एप्रिलच्या मध्यापासून गवत अगदी आखूड कापा आणि वेलीखालची माती या दिवसांत खणू नका. घट्ट, ओलसर, उघडी माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री परत देते. भुसभुशीत मातीत आणि उंच गवतात ती अडकून राहते. तिसरा उपाय म्हणजे छाटणीच्या वेळी एक जादा काडी उभीच ठेवणं. उभ्या काडीचे शेंड्याकडचे डोळे आधी फुटतात आणि खालचे थांबून राहतात. धोका टळला की मेअखेर ती कापून टाका.

एवढं करूनही पारा उतरला तर मेणबत्त्या. या पॅराफिन मेणाच्या मोठ्या डब्यांसारख्या असतात आणि आठ ते दहा तास जळतात. एकराला १२० ते १६० लागतात, म्हणजे हेक्टरी ३०० ते ४००. त्या दुपारीच ओळींत मांडून, झाकणं सैल करून ठेवा. थर्मामीटर घराच्या भिंतीवर लावून उपयोग नाही. तो बागेच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात, फळतारेच्या उंचीवर हवा. तिथे अर्धा अंश दिसला की पेटवायला सुरुवात करा, कारण दीडशे मेणबत्त्या पेटवायला दोघांना अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. आधी एकाआड एक पेटवा. तेवढ्याने पारा थांबला, तर उरलेल्या दुसऱ्या रात्री कामी येतात. सर्वांत थंड घटका सूर्य उगवायच्या सुमारास असते. उजाडलं म्हणून लगेच विझवू नका, पारा शून्याच्या वर स्थिरावू द्या. वाऱ्यासोबत उत्तरेकडून आलेल्या गोठवणाऱ्या हवेपुढे मात्र मेणबत्त्यांचं काही चालत नाही, ऊब वाऱ्याबरोबर निघून जाते.

फुटी, तारा आणि फुलोरा

फुटी ५ ते १० सेंटीमीटरच्या झाल्या की वांझ फुटी काढा. खोडावरच्या सगळ्या, आणि एका डोळ्यातून दोन निघाल्या असतील तर कमजोर ती. ओळीच्या दर मीटरला १२ ते १४ फुटी पुरे. या वयात फूट बोटाने निघते. दोन आठवडे थांबलात तर कात्री लागते आणि जखमही होते.

जूनमध्ये फूट आठवड्याला वीतभर वाढते. तारांची सुटी जोडी ४०-५० सेंटीमीटरच्या फुटींखालून वर उचला, क्लिपने बांधा आणि निसटलेल्या फुटी हाताने आत घ्या. हे तीन वेळा करावं लागतं, शेवटचं जुलैच्या सुरुवातीला. एक फेरी चुकली की फुटी ओळीत आडव्या पडतात, तणावे एकमेकांत गुंततात आणि त्या सोडवताना तुटतात. वर्षभरात सर्वांत जास्त बागा इथे हातच्या जातात, कारण हेच दिवस फवारणीचेही असतात.

फुलोरा जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. हवा २० अंशांच्या पुढे आणि कोरडी असेल तर आठवड्यात उरकतो. १५ अंश आणि रिमझिम असेल तर दोन-तीन आठवडे रेंगाळतो, फुलांच्या टोप्या गळत नाहीत, मणी सेट होत नाहीत आणि घडात मोठ्या मण्यांसोबत बाजरीच्या दाण्याएवढे मणी राहतात. यावर औषध नाही. पानांच्या तपासणीत बोरॉन कमी दिसला असेल, तर फुलोऱ्याआधी त्याची फवारणी करा, एवढंच हाती असतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या वर्षीच्या घडांची घडण डोळ्याच्या आत याच दिवसांत सुरू होते. डोळ्यांवर ऊन पडलं पाहिजे. सावलीतल्या डोळ्यात घड कमी बनतात, म्हणून जूनमधल्या गुंत्याची किंमत दोन वर्षं मोजावी लागते.

मणी धरले की सकाळच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूची घडांजवळची दोन ते चार पानं काढा. सकाळचं ऊन दव लवकर सुकवतं. पश्चिमेची पानं राहू द्या, उशिरा आणि एकदम उघडे पडलेले मणी दुपारच्या उन्हाने भाजतात. इंग्लंडमध्येसुद्धा. शेंडे वरच्या तारेवर दोन पानं सोडून कापा, पण फार लवकर नको. लवकर कापल्यास बगलफुटी उसळतात. प्रत्येक फुटीवर घड पिकवायला १२ ते १५ चांगली पानं लागतात.

बुरशी आणि फवारणी

भुरी, डाऊनी (केवडा) आणि बोट्रायटिस ही तीन नावं. पहिली दोन महाराष्ट्रातल्या बागायतदाराला पाठ आहेत, तिसरी म्हणजे घड कुजवणारी राखाडी बुरशी. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टपर्यंत १० ते १४ दिवसांच्या अंतराने फवारणी चालते. व्यावसायिक औषधं मारणाऱ्याकडे पीए१ हे पायाभूत आणि त्याच्या यंत्राप्रमाणे पुढचं प्रमाणपत्र असावं लागतं. मात्रा लेबलवरचीच.

भुरीसाठी गंधक हा कणा. पण त्याचं काम वाफेवर चालतं आणि १५ अंशांच्या खाली ते सुस्त असतं. इंग्लंडमधल्या थंड मे महिन्यात गंधक मारून निर्धास्त राहिलं, तर जुलैत मण्यांवर भुरी दिसते. डोळे पोंग्यात, म्हणजे फुगून फुटायच्या बेतात, असताना मारलेलं गंधक मात्र पानांवर फोड आणणाऱ्या माइटवर (सूक्ष्म कोळ्यावर) चांगलं लागू पडतं. डाऊनीसाठी जुना ठोकताळा अजून उपयोगाचा आहे: १० सेंटीमीटरची फूट, १० मिलिमीटर पाऊस आणि १० अंशांवर तापमान एकत्र आलं की पहिला संसर्ग झाला असं समजा. बोट्रायटिससाठी तीन वेळा महत्त्वाच्या: फुलोरा संपताना, मणी एकमेकांना टेकून घड बंद होण्याआधी आणि मण्यांत पाणी उतरताना, म्हणजे ते मऊ पडून पिकू लागताना. घड बंद झाला की आतल्या देठांपर्यंत औषध पोचत नाही, म्हणून मधली वेळ चुकवू नये. एकाच गटाचं बुरशीनाशक पुन्हा पुन्हा वापरलं तर बुरशी दाद देत नाही. गट बदलत राहा.

कीड तुलनेने थोडी. लाइट ब्राउन ॲपल मॉथची अळी घडात जाळं करते आणि तिने कुरतडलेल्या मण्यांतून बोट्रायटिस शिरते. कामगंध सापळे एप्रिलमध्येच लावा.

पाणी उतरल्यानंतर

ऑगस्टच्या उत्तरार्धात, गार वर्षी सप्टेंबरात, मण्यांत पाणी उतरतं. आता जास्तीचे घड काढायचा शेवटचा मोका असतो. एका वेलीवर २ किलो हे लहान बागेसाठी समंजस उद्दिष्ट आहे. २०१८ आणि २०२३ सारख्या उदार वर्षी जास्त पेलतं, २०२४ सारख्या ओल्या वर्षी तेवढंही पिकत नाही. मागे राहिलेले हिरवे घड आणि फुटीवरचा तिसरा घड निःसंकोच काढा.

गोडी भरू लागली की पाहुणे येतात. काळे कस्तुर आणि स्टार्लिंग मणी टिपतात, फेझंट खालचे घड खातात. फळपट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी जाळी लावा आणि ती रोज पाहा, अडकलेला पक्षी सोडवायचा असतो. बॅजर हा बिळात राहणारा, रात्री फिरणारा प्राणी एका रात्रीत ओळ फस्त करतो. १९९२ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला इजा करता येत नाही. १०, १५, २० आणि ३० सेंटीमीटरवर चार तारांचं विजेचं कुंपण त्याला अडवतं, पण गवत तारेला टेकलं की करंट उतरतो. हे कुंपण मणी गोड होण्याआधी लागलं पाहिजे. एकदा चव कळलेला बॅजर झटका सोसूनही आत येतो.

काढणी

सप्टेंबरच्या सुरुवातीपासून आठवड्याला आणि शेवटी दर तीन दिवसांनी नमुना घ्या. प्रत्येक जातीचे १०० ते २०० मणी, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून आणि टोकातून. हात नकळत पिकलेल्या मण्याकडे जातो, म्हणून न पाहता तोडा. सगळे कुस्करून रस रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे साखर मोजायच्या उपकरणावर, ठेवा. इंग्लंडमध्ये रसातली साखर ओक्सले अंशांत सांगतात, आपल्याकडे ब्रिक्समध्ये. ७० ओक्सले म्हणजे साधारण १७ ब्रिक्स. स्पार्कलिंगसाठी ७० ते ७६ ओक्सले आणि आम्लता लिटरला १० ते १२ ग्रॅम चालते. साध्या पांढऱ्या वाइनच्या बॅकससाठी ७५ ते ८० ओक्सले हवेत. गोडी नाशिकच्या खाण्याच्या द्राक्षांजवळ पोचते, पण थंड रात्रींमुळे आम्ल टिकून राहतं. इंग्लिश स्पार्कलिंगचा कस त्या आम्लात आहे, त्याला घाबरून काढणी लांबवत बसू नये. ऑक्टोबरच्या मध्यानंतर दर दिवशी मिळणारी गोडी थोडी आणि कुजण्याचा धोका मोठा असतो.

१४०० वेलींवर २ किलोंनी २.८ टन माल येतो. नवख्या माणसाचा हात तासाला ४५-५० किलो काढतो, म्हणून दहा माणसं आणि एक कोरडा दिवस धरा. दव सुकल्यावर सुरू करा. कुजका भाग जागेवरच कात्रीने काढा, क्रेटमध्ये टाकून नंतर निवडणं होत नाही. क्रेट १५ किलोंपेक्षा जास्त भरू नका, खालचे घड दबून रस सुटतो. माल त्याच दिवशी प्रेसवर गेला पाहिजे. स्वतःची वायनरी नसेल तर दुसऱ्याच्या वायनरीशी करार वसंतातच करा. बहुतेक ठिकाणी किमान वजनाची अट असते आणि ऑक्टोबरात जागा नसते. अख्खे घड दाबून टनाला ६५० लिटर रस धरला, तर या एकराच्या सुमारे २४०० बाटल्या होतात.

पानगळ

काढणीनंतरही पानं हिरवी असतील तितके दिवस वेल खोडात आणि मुळांत साठा करते. जाळ्या गुंडाळताना पानं ओरबाडू नका. मातीचा नमुना याच दिवसांत काढा. एसओ४ खुंटावर उन्हाळ्यात जुन्या पानांच्या शिरांमध्ये पिवळेपणा दिसला असेल, तर मॅग्नेशियम सल्फेटची १ ते २ टक्क्यांची फवारणी पुढच्या जूनच्या यादीत आत्ताच लिहून ठेवा. मेलेल्या किंवा अर्धी पानं सुकलेल्या वेलींना रंगीत फीत बांधा. डिसेंबरात सगळ्या काड्या सारख्याच दिसतात आणि रोगट खोड ओळखता येत नाही.

पानं गळल्यावर शेजारच्या शेतकऱ्याच्या मेंढ्या बागेत सोडल्या, तर गवत आखूड राहतं आणि खतही मिळतं. दोन अटी पाळा. बागेत तांबं असलेलं खत किंवा औषध मारलं असेल तर मेंढ्या आणू नका, तांबं त्यांच्या यकृतात साठतं आणि त्यांचा जीव घेतं. आणि डोळे फुगायला लागायच्या आधी, मार्चमध्येच, त्यांना बाहेर काढा. मेंढी मान वर करून फळतारेपर्यंत सहज पोचते.